पिवळी नखं

सिद्धलिंग आप्पा स्वतःच्या पोल्ट्रीत कधी पाऊल टाकत नसे. शेडापासून पन्नास पावलं लांब चिंचेखाली खुर्ची टाकायची, अत्तर लावलेला रुमाल नाकाला दाबून धरायचा आणि तिथून ओरडायचं, ही त्याची मालकी.

"पंचशीला, आज मर किती झाली गं?"

"आठ, आप्पा," ती आतून ओरडायची.

"बास बास. पुढचं सांगू नको, मळमळतंय मला."

मळमळतंय म्हणे! तीन हजार कोंबड्या पाळायच्या आणि वासानं मळमळायचं. मांसमच्छी न खाणारी घरं गावात पुष्कळ होती, पण ती बिचारी कोंबडीच्या वाटेलाही जात नव्हती. आप्पाच्या घरात अंडं जाऊ देत नसत, शेडाकडून आला की तो अंगणातच हातपाय धुऊन मग उंबरा ओलांडायचा. कोंबडी विकायला त्याची ना नव्हती, फक्त बघायला नको होती. बघायला, हुंगायला, उचलायला आणि पुरायला पंचशीला होती.

लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. शिरूर अनंतपाळच्या आसपास रानात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं आणि मजुरी तर नावाला नव्हती. माणसं टँकरची वाट बघत पारावर बसायची आणि बोलायची मात्र नव्या जिल्ह्याबद्दल. उदगीर जिल्हा होणार, आपण त्यात जाणार, अशी हवा उठली होती. आप्पाला तेवढा दम कुठला! नवा जिल्हा म्हणजे नवी हापिसं, हापिसं आली की हॉटेलं आली आणि हॉटेलं आली की कोंबडी आली, असा हिशोब मांडून त्यानं फाटकावर पाटीच रंगवून घेतली. 'सिद्धलिंग पोल्ट्री फार्म, जि. उदगीर.' जिल्ह्याचा पत्ता नाही आणि ह्याची पाटी तयार! येणारी-जाणारी हसायची. पंचशीलाला हसू येत नव्हतं. तिला त्या फाटकातून आत जायचंच सकाळी सकाळी नको वाटायचं.

वासाचं तिला काही नव्हतं. घाणीत हात घालून जगलेली माणसं होती ती, वासाला कोण विचारतंय. तिला शिसारी होती ती पिवळ्या पावडरीची.

पिल्लं लवकर फुगावीत म्हणून कंपनीची पिवळी पावडर खाद्यात घालायची असते. पिल्लू आजारी असो वा नसो, रोज घालायची. पंचशीला दोन वर्षं ती उघड्या हातानं कालवत होती. हातमोजे मागितले तेव्हा आप्पा म्हणाला होता, "औषधच हाय ते. तुझ्या हाताला काय रोग व्हायलाय?" पावडर नखात बसायची, साबणानं जायची नाही, भाकरी थापताना पिठात उतरायची. आणि दोन वर्षं तिला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

मग तिची लेक सिंधु बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, आणि चौथ्या दिवशी सिंधुला ताप भरला. टाक्यांच्या जखमेत पू झाला. लातूरच्या दवाखान्यात सलाईनवर सलाईन चढली, एक औषध झालं, दुसरं झालं, ताप हटेना. शेवटी तिथल्या मॅडम कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "साधी औषधं हिच्यातल्या जंतूंना दाद देत नाहीत." मग पंचशीलाच्या हाताकडं बघत त्यांनी विचारलं, "काय काम करता तुम्ही?" तिनं पावडरीचं सांगितलं. मॅडमनी जीभ चावल्यासारखं केलं. "ह्याच्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. तसं सांगता येत नाही. पण हीच औषधं तुम्ही कोंबड्यांना रोज चारताय. जंतूंना सवय होते हो. बाळाला घेण्याआधी हात चांगले धुवा."

सव्वीस दिवसांनी सिंधु वाचून घरी आली. पण मॅडम बोलल्या त्या दिवसापासून पंचशीलानं नातीला मांडीवर घेतलं नाही. पोरगी रडायची, हातपाय झाडायची. ही दारात बसून लांबूनच "अगं माझ्या बाळा, माझ्या सोन्या" करायची आणि हात पाठीमागं धरायची.

"आई, घे की गं. धुतलेस ना हात?" सिंधु चिडायची.

"ती पावडर माझ्या हातून सुटू दे, मग घेते."

काम सोड म्हणणं सोपं होतं. नवरा निवृत्ती पुण्याकडं वॉचमन, त्याचं त्यालाच पुरत नव्हतं. सासरा लिंबाजी अडुसष्ट वर्षांचा, तोही आप्पाच्याच शेडात खाद्य वाढायच्या कामाला. दोघांनी काम सोडलं असतं तर त्या दुष्काळात चुलीवर काय ठेवायचं, दगड?

अशात मन्मथ डॉक्टर आला. जनावरांच्या डॉक्टरीतलं पुढचं शिकत होता, पोरसवदा, घामाघूम, मोटारसायकलला दोन कॅन बांधलेले. कॅनमध्ये लसूण, ओवा, शेवग्याचा पाला आणि काडेचिराइताचा अर्क. पावडरीऐवजी हा घालून कोंबड्या तशाच वाढतात का, ते त्याला बघायचं होतं. आप्पा आधी उडवून लावणार होता, पण डॉक्टर म्हणाला की शहरातली हॉटेलं बिनऔषधाच्या कोंबडीला जास्त मोल देतात, तसा आप्पाचा रुमाल नाकावरून दोन बोटं खाली आला.

शेडाच्या शेवटी चारशे पिल्लांना जागा केली. मधे जाळी मारली. अलीकडं दोनशे, त्यांना पिवळं खाद्य. पलीकडं दोनशे, त्यांना हिरवं. बेचाळीस दिवस. पंचशीलानं दोन पिंपांत दोन खाद्यं कालवायची, पिवळ्यासाठी डॉक्टरनं दिलेले हातमोजे घालायचे. लिंबाजीनं वाढायचं. दर आठवड्याला वजन.

पंचशीलानं सगळं ऐकलं, आणि मग चिंचेखाली जाऊन सरळ विचारलं, "आप्पा, हिरवी कोंबडी पिवळीच्या बरोबरीनं उतरली, तर पावडर बंद करताव का?"

डॉक्टर समोर होता. आप्पा म्हणाला, "करतो. सगळ्या शेडातनं बंद. आपला शब्द हाय."

झालं, तिच्या अंगात वारं शिरलं. हिरवं पिंप कालवताना ती जपून कालवायची, आधी हात घासायची, अर्काचा एक थेंब सांडू द्यायची नाही. लसणाचा आणि ओव्याचा तो वास तिला बाळंतिणीच्या खोलीतला वाटायचा. वरून पत्रे तापायचे, टँकरचं पाणी गढूळ यायचं, मोठ्या शेडात रोज मर व्हायची. आणि रोज आप्पाची दानत दिसायची.

म्हणजे असं. डोळे मिटून बसलेली, पिसं फुगवलेली, मान टाकलेली कोंबडी दिसली की आप्पा लांबूनच म्हणायचा, "पंचशीला, ती सुस्त चार-पाच घेऊन जा वस्तीवर. वाटून टाक. जित्ती हायेत अजून."

जित्ती हायेत! भीमनगरात लिंबाजीच्या आईनं छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर मेलेल्या ढोराचं मटण शिजायचं ते मडकं वेशीबाहेर नेऊन फोडलं होतं. लिंबाजी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, आईचं बोट धरून गेला होता. त्याच घराला हा माणूस मरायला टेकलेली कोंबडी उपकार म्हणून देणार. पंचशीला "हाव आप्पा" म्हणायची, शेडामागं जायची आणि ती कोंबडी चुन्याच्या खड्ड्यात पुरायची. थुंकायची आणि मग कामाला लागायची.

पहिल्या आठवड्याला वजनं सारखी आली. दुसऱ्याला सारखी. चौथ्याला सारखी. जाळीच्या दोन्हीकडं मरही जवळजवळ तेवढीच. मन्मथ डॉक्टर वजनकाट्याकडं बघून डोकं खाजवायचा, "इतकं सारखं येत नसतं, बाई. पण येतंय खरं." पंचशीलाला आता दिवस मोजायचं वेड लागलं. सिंधुला म्हणाली, "अजून धा दिवस. मग हिला सगळ्या गल्लीतनं मिरवून आणते का न्हाई बघ."

अडतिसाव्या दिवशी सकाळी तिनं दोन्ही पिंपं कालवली आणि पाण्याची भांडी घासायला गेली. काथ्या विसरला म्हणून मागं फिरली. खाद्याच्या खोलीत लिंबाजीनं खाली ताडपत्री अंथरली होती. त्यानं हिरवं पिंप तिच्यावर उपडं केलं. मग पिवळं उपडं केलं. आणि फावड्यानं शांतपणे दोन्ही एकत्र करायला लागला.

पंचशीला धावत आत गेली.

"मामा! काय करून राहिलाव हे?"

"काय म्हंजे? खाद्य वाढून राहिलोय."

"हे रोज करताव?"

"पहिल्या दिसापासनं." म्हाताऱ्यानं फावडं टेकवलं. त्याच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती, काही नव्हतं. "मी लहान असताना पाटलाच्या घरच्या लग्नात आपल्याला गोठ्याच्या पल्याड बसवलं हुतं. तिकडं साखरभात चालू, इकडं नुसता भात, त्योबी वरनं टाकायचा. मी साखरभाताकडं बघत बसलेलो. माझी माय म्हनली, तिकडं बघू नको." तो थांबला. "ही पिल्लंबी तशीच जाळीला चोची लावून पल्याडच्या भांड्याकडं बघतात गं. म्या म्हनलं, माझ्या हातानं पंगतीत दुजाभाव व्हायचा न्हाई. जे हाय ते सगळ्यास्नी सारखं."

तिला एकदम हसू फुटलं. बाहेर जाऊन भिंतीला धरून उभी राहिली. अडतीस दिवस! अडतीस दिवस ती हात घासून हिरवं पिंप कालवत होती आणि जाळीच्या पलीकडची दोनशे पिल्लं तीच पिवळी घाण अर्धी अर्धी खात होती. वजनं सारखी येणार नाहीत तर काय होणार! म्हाताऱ्यावर ओरडावं म्हटलं, तर कुठल्या तोंडानं ओरडायचं? त्यानं वाईट म्हणून काय केलं होतं?

"मामा, उद्यापासनं वेगवेगळं वाढा," एवढंच ती म्हणाली.

"का गं? काय चुकलं?"

"काय न्हाई."

त्या दिवशी घरी गेली आणि दारात बसली. पोरगी गोधडीवर पाय उडवत होती. आणि पंचशीलाच्या मनात आलं: न बोललं तर? कुणाला माहीत आहे? वजनं सारखी आहेत. आप्पानं शब्द दिलाय. पावडर जाईल, मी हिला उचलून घेईन. तिनं हात पुढं केलासुद्धा. मग तिला मन्मथ डॉक्टर आठवला. तो म्हणाला होता, हे जमलं तर मी गावोगावच्या बायांना सांगणार, पावडर टाका आणि अर्क घाला. आणि नुसत्या अर्कावर पिल्लं टिकली नाहीत तर? टिकतीलही कदाचित, पण ठाऊक कुणाला होतं? कुठल्यातरी शेडात अशीच एखादी बाई मेलेली पिल्लं गोळा करत आपल्याला शिव्या घालत बसेल. शी! पंचशीलाला आप्पाची किळस होती, पावडरीची होती, पण स्वतःची किळस तिला त्या दिवशी पहिल्यांदा आली. हात मागं घेतला.

दुसऱ्या दिवशी ती चिंचेखाली गेली. डॉक्टरला चारचौघांत सांगितलं तर म्हाताऱ्याची शोभा होईल, म्हणून मालकाला आधी एकट्याला सांगावं असा तिचा विचार. भोळीच म्हणायची. तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आप्पा, प्रयोग पुन्यांदा करावा लागंल."

आप्पानं रुमाल नाकावरून काढला. मग त्याचं पोट हलायला लागलं. हसत होता!

"म्हंजे दोन्ही मिळून झ्याक उतरतंय की! अगं, मग बंद कशाला करायचं? पावडर चालू ठिवायची, वरनं ह्यो अर्क शिंपडायचा, आन् पाटीवर लिवायचं वनौषधी कोंबडी. म्हातारा लई हुशार निघाला गं तुझा."

"आन् तुमचा शब्द?"

"शब्द डाक्टरला दिलाय. डाक्टरला सांगणार कोण? तू?" त्यानं रुमाल पुन्हा नाकाला लावला. "दोघंबी माझ्या शेडावर भाकरी खाताव, ध्यानात असू दे. आन् ती कोपऱ्यात एक सुस्त पडलीय बघ. घेऊन जा आज. बाळंतीण हाय ना घरात? रस्सा कर तिला."

बाळंतीण हाय ना घरात. पंचशीला त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. कपाळावरची विभूती स्वच्छ, धोतर स्वच्छ, रुमाल स्वच्छ. एवढा स्वच्छ माणूस तिनं कधी बघितला नव्हता, आणि एवढी घाणही.

बेचाळिसाव्या दिवशी मन्मथ डॉक्टर आला. लातूरच्या एका हॉटेलाचा माणूस चारचाकीतून आला, त्याला आप्पानंच बोलावलेलं. फाटकावर रंगारी चढवला होता. 'जि. उदगीर'च्या वर 'वनौषधी कोंबडी' ही अक्षरं अजून ओली होती. वजनं झाली. पुन्हा सारखी.

"बघा डाक्टर," आप्पा चिंचेखालून म्हणाला, "आपण शब्दाचे पक्के. आजपासनं पावडर बंद!"

हॉटेलवाल्यानं विचारलं, "नक्की पावडर नाही ना ह्यांच्यात? आम्ही गिऱ्हाइकाला तसं सांगणार."

"ह्या बाईला इचारा की. हिच्याच हातचं खाल्लंय पिल्लांनी."

सगळे पंचशीलाकडं बघायला लागले. म्हातारा लिंबाजीही बघत होता, कौतुकानं. सुनेला एवढी माणसं विचारताहेत!

ती सरळ जाळीच्या पलीकडं गेली. हिरव्या बाजूचं, आठवड्याची पुटं चढलेलं खाद्याचं भांडं उचललं. चिंचेपर्यंत आणलं. ओला हात भांड्याच्या तळाशी फिरवला आणि बाहेर काढून सगळ्यांपुढं धरला. तळहात पिवळाजर्द.

"दोन्हीकडं दोन्ही घातलंय, डॉक्टर. चार दिसांपूर्वी मला कळलं. आप्पाला म्या सांगितलं, तर पावडर चालू ठिवून पाटी बदलायचं ठरवलंय त्येनं."

"खोटं बोलती!" आप्पा उठला.

"खोटं? मग घाला हात, आप्पा." तिनं भांडं त्याच्या छातीपर्यंत नेलं. "तुमचंच खाद्य हाय, वनौषधी हाय. हात घाला आन् सांगा ह्यांना पावडर न्हाई म्हणून. मी चुकले म्हणते, पाय धरते तुमचे. घाला की!"

आप्पा मागं सरकला. खुर्ची कलंडली. भांडं आणखी पुढं आलं तसा त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि "लांब धर, ए, लांब धर ते!" म्हणून किंचाळला. तोंडावर ओकारी दाटली होती. हॉटेलवाला ते बघत होता. त्यानं गाडीची किल्ली काढली, "तुम्ही स्वतः हात लावत नाही ते आम्ही लोकांच्या ताटात घालायचं होय?" म्हणाला आणि निघून गेला.

लिंबाजी खालीच बसला होता. "डाक्टरसाहेब, ते म्या केलं. सारखं वाढलं. चुकलं का माझं?"

मन्मथ डॉक्टरचा चेहरा उतरला होता, पण तो म्हाताऱ्याजवळ उकिडवा बसला. "तुम्हाला का वेगळं वाढायचं ते मी नीट सांगितलं नाही, बाबा. नुसतं वाढा म्हणालो. चूक माझी. आता पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या कुणाच्या तरी शेडात." तो कॅन बांधून निघाला.

आप्पा तेवढ्यात सावरला होता. पंचशीलाला त्यानं ज्या शिव्या घातल्या त्या इथं सांगण्यासारख्या नाहीत. "निघ, पुन्यांदा फाटकात दिसू नको," म्हणाला. मग लिंबाजीकडं वळून, "तू ऱ्हा, म्हाताऱ्या. तुझा हात चांगलाय. तसंच कालवत जा, फक्त तोंड बंद ठिव."

लिंबाजीनं उठून धोतर झटकलं. "मालक, सारखं वाढायचं मी लपून न्हवतं केलं," म्हणाला आणि सुनेच्या मागं चालायला लागला.

घरात एकच घागर पाणी होतं. पंचशीलानं ती सगळी हातांवर ओतायला लावली. राख, सोडा, लिंबाचा पाला, जे सापडलं त्यानं घासलं. सिंधु ओरडत होती, "अगं आई, प्यायला काय?" तिनं ऐकलं नाही. हात पुसले आणि गोधडीवरून नातीला उचलून छातीशी घेतलं. दोन महिन्यांनी! पोरगी गप्पकन थांबली, आजीच्या तोंडाकडं टकामका बघायला लागली. पंचशीलाला रडू आवरेना. पोरीनं तिचं बोट घट्ट धरलं, ओढलं आणि सरळ तोंडात घातलं.

पंचशीलाचं लक्ष बोटाकडं गेलं. नखाच्या आत, कडेला, बारीक पिवळी रेघ होती.

तिनं बोट हिसकलं. पोरीनं भोकाड पसरलं. पंचशीलानं तिला सिंधुच्या हातात दिलं, पदराचं टोक ओलं करून पोरीचं तोंड आतून पुसलं, पुन्हा पुसलं. मग दारात बसून तिनं एकेक नख काढायला सुरुवात केली. जिव्हाळीपर्यंत कापत गेली. दोन बोटांतून रक्त आलं तरी थांबली नाही.

लिंबाजी जवळ आला. मग तिच्यासमोर बसला आणि आपले दोन्ही हात पुढं केले.

"माझीबी काप, पोरी."